महाराष्ट्र खरोखरच वेगळा आहे काय?



मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आपल्या विद्यालयात निबंध लिहिले जातात. विषय बहुधा ‘माझा महाराष्ट्र’ किंवा त्याच्याच जवळपासचा असतो. कोणतीही वही उघडा, पहिले वाक्य ठरलेले: महाराष्ट्र ही संतांची, वीरांची आणि समाजसुधारकांची भूमी आहे. शेवटचे वाक्यही ठरलेले: असा प्रांत जगात दुसरा नाही. मधल्या दोन पानांत नावे असतात. नावे खरी असतात, सनही बहुधा बरोबर असतात. पण त्या शेवटच्या वाक्याला पुरावा नसतो. गणितात उत्तर बरोबर आले तरी रीत लिहिली नसेल तर गुण कापले जातात. तोच नियम या वाक्याला लावून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या शाळेपेक्षा आपल्याला जास्त जवळचा आहे. आपला जिल्हा हैदराबाद संस्थानातला. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आपल्याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो, आधी आंध्र प्रदेशात आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात. पैनगंगेच्या अलीकडे राहिलेल्या मराठी माणसाच्या वाट्याला महाराष्ट्राचे सरकार आले नाही, महाराष्ट्राची कीर्ती मात्र आली. दुरून मिळालेली वस्तू माणूस जास्त जपतो. (केरामेरीकडच्या सीमेवरच्या गावांची गोष्ट निराळी. तिथे दोन्ही राज्यांच्या योजना आणि दोन्ही राज्यांचे मतदान! कोणते राज्य थोर, हे त्यांना निबंध न लिहिताही सांगता येईल.)

आमची पदवी हिंदी माध्यमातली. हिंदीतल्या इतिहासाच्या पुस्तकात महाराष्ट्र म्हणजे एखादे-दुसरे प्रकरण असते. मराठी घरात तोच सबंध ग्रंथ असतो. दोन्ही वाचल्यावर आपोआप थोडी तुलना करण्याची सवय लागते.

कीर्ती जुनी आहे, यात शंका नाही. इ. स. ६३४ च्या ऐहोळे येथील शिलालेखात तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतल्या नव्व्याण्णव हजार गावांचा उल्लेख आहे. त्याच शतकात आलेल्या ह्युएन-त्संग या चिनी यात्रेकरूने इथल्या लोकांचे वर्णन केले, ते असे: मानी, उपकार न विसरणारे आणि अपमानही न विसरणारे. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, हे राज्य एका वीराच्या तलवारीने उभे राहिले नाही. सर्व जातींच्या संतांनी आधी मने घडवली, सारा समाज जागा झाला आणि मग राज्य आले. हिंदुस्थानात असे इतरत्र घडले नाही, असा त्यांचा दावा होता. मुलांच्या निबंधातले पहिले वाक्य असे मोठ्या घराण्यातले आहे.

तेव्हा आधी संतांपासूनच पाहू. चोखोबा हे वारकरी परंपरेतले थोर संत. जातीमुळे त्यांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश नव्हता. परंपरेने त्यांच्या निधनाचे साल १३३८ मानले जाते. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर आहे, म्हणजे दाराबाहेर. शेकडो वर्षे वारी त्या समाधीवरून पुढे जात राहिली, अभंग गाइले जात राहिले, आणि चोखोबांच्या जातीची माणसे तिथेच थांबत राहिली. ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावे लागले. मग त्या वर्षी दार उघडले. मधला काळ सहाशे नऊ वर्षांचा. त्रावणकोरच्या महाराजांनी आपल्या संस्थानातली मंदिरे १२ नोव्हेंबर १९३६ रोजी सर्व हिंदूंना खुली केली होती. मदुरेचे मीनाक्षी मंदिर १९३९ मध्ये खुले झाले. आपल्या संतभूमीचा नंबर त्यानंतर लागला. संत आपलेच होते, हे खरे. पण त्यांचे ऐकण्यात आपण पहिले नव्हतो.

सुधारकांची कथा याहून वेगळी नाही. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. आज तिचा उल्लेख महाराष्ट्राचा मानबिंदू म्हणून होतो. त्या वेळच्या महाराष्ट्राने काय केले? सावित्रीबाई शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण फेकले आणि लोकांच्या दबावामुळे त्या दोघांना राहते घर सोडावे लागले. म्हणजे ‘महाराष्ट्राने मुलींना शिकवले’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, कर्ता मात्र चुकला आहे. शिकवणारे दोघे-चौघे होते, अडवणारा समाज मोठा होता. पुढे अडवणाऱ्यांच्या नातवंडांनी ती कीर्ती आपल्या नावावर चढवून घेतली. जमिनीच्या सात-बाऱ्यावर असे केले तर तलाठी विचारील, इतिहासात कोणी विचारत नाही.

आता एक वेगळीच खोड पाहा. ठराव करण्यात महाराष्ट्र खरोखर पुढे असतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांनी मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने तो १९२४ मध्ये चवदार तळ्याला लागू केला. कागदावर सर्व झाले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा जमावाने सत्याग्रहींना मारहाण केली आणि मागाहून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. त्या पाण्यावरचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडले. विद्यापीठाचेही तेच. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी जुलै १९७८ मध्ये केला. मराठवाड्यात घरे जळाली, माणसे मेली. नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही नामांतर नव्हे, नामविस्तार म्हणून. हा प्रदेश कुठे दूर नाही. नांदेड आपल्या शेजारचे, आणि १९५६ पर्यंत आपण एकाच राज्यात होतो.

पालकांनी पुढचे आकडे सावकाश वाचावेत. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. सन १९८८. केंद्राचा कायदा १९९४ चा, म्हणजे सहा वर्षांनी मागाहून आला. आता जनगणना पाहू. सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३. २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. त्याच २०११ साली सबंध देशाचा आकडा ९१९ होता, आणि आपण तेव्हा ज्या राज्यात होतो त्या आंध्र प्रदेशाचा ९३९. सावित्रीबाईंच्या भूमीत कायदा सर्वांत आधी झाला आणि मुली सारख्या कमी होत गेल्या. सोनोग्राफीचे यंत्र विकत घेणारे आणि त्याचे पैसे मोजणारे अडाणी नव्हते, हेही लक्षात ठेवावे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, प्राचार्य महाराष्ट्राच्या विरोधात लिहीत आहेत. तसे नाही. जमेची बाजूही तितकीच पक्की आहे. साक्षरतेत २०११ साली महाराष्ट्र ८२ टक्क्यांच्या पुढे होता आणि आपला आदिलाबाद जिल्हा ६१ टक्क्यांवर होता. हा फरक डोळ्याआड करता येत नाही. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानात निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या.

आणि एक काम असे आहे की त्यावर आम्ही निःशंकपणे ‘वेगळे’ असा शिक्का मारू. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला रस्त्यावर बसली. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना वाढली. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि ते दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून. पैसा कुठून आणला? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून. शहराने खेड्यातल्या मजुराच्या भाकरीचा वाटा उचलायचा, ही कल्पना त्या काळी देशात नवीन होती. २००५ मध्ये केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा हा अनुभव त्यांच्यासमोर होता. पहिल्या दोनशे जिल्ह्यांत आपला आदिलाबादही होता. आपल्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांनी त्या कामावर मजुरी घेतली आहे. गंमत पाहा, निबंधांत किल्ले येतात, तलवारी येतात, रोजगार हमी येत नाही.

आपण इतरांपेक्षा वेगळे, असे म्हणणारे आपण एकटे नाही. अमेरिकेत ही भावना फार जुनी आहे. १६३० साली तिकडे निघालेल्या एका इंग्रज पुढाऱ्याने आपल्या लोकांना सांगितले की, आपली वसाहत डोंगरावरच्या नगरासारखी राहील, साऱ्या जगाची नजर आपल्यावर असेल. त्याच्या अकरा वर्षे आधी व्हर्जिनियात आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे उतरवली गेली होती. १७७६ च्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान म्हणून लिहिले गेले आणि गुलामी संपायला १८६५ उजाडले. म्हणजे ठराव आधी आणि अंमल मागाहून, ही खोड आपलीच नव्हे. जोतीरावांनी हे सर्व पाहिले होते. १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा त्यांनी ते पुस्तक, गुलामांना मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. अमेरिका थोर आहे म्हणून नव्हे. त्यांनी एक काम केले म्हणून. देशाला किती मान द्यावा आणि कशासाठी द्यावा, याचा इतका नेमका नमुना आम्हाला दुसरा माहीत नाही.

तोच मापदंड शेजाऱ्यालाही लावावा. आपल्या काही घरांत मराठी बोलणारा शहाणा आणि गोंड-कोलाम मागासलेला, अशी बोलण्याची रीत आहे. ती मुले शाळेत घेऊन येतात. जल-जंगल-जमिनीच्या हक्कासाठी निजामाच्या पोलिसांशी लढताना कुमराम भीम १९४० साली जोडेघाटला मारला गेला, तो याच मातीतला. मारलवाईला १९४३ मध्ये हायमेनडॉर्फ यांनी गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र काढले. तिथली गोंडी पुस्तके देवनागरीत छापली गेली, आपल्याच लिपीत. तेलुगू समाजात वीरेशलिंगम पंतुलूंनी १८८१ साली राजमहेंद्रीला विधवाविवाह लावला. तेलंगण सरकारने २०२५ मध्ये सावित्रीबाईंचा जन्मदिवस, ३ जानेवारी, महिला शिक्षक दिन म्हणून जाहीर केला. त्या आपल्या म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. शेजाऱ्याने घेतले ते त्यांच्या कामासाठी.

आमच्या मते, महाराष्ट्र वेगळा ठरतो तो जिथे त्याच्याच माणसांनी त्याच्याशी उघड भांडण मांडले तिथे. बाकी ठिकाणी तो चार प्रांतांसारखाच एक प्रांत आहे. आणि आपण, नदीच्या अलीकडचे, त्या भांडणात नव्हतो. आपल्याला तयार कीर्ती मिळाली.

म्हणून आता आपल्या विद्यालयाचेच पाहू. ३ जानेवारीला मुली सावित्रीबाईंच्या वेशात भाषणे करतात, पालक टाळ्या वाजवतात. त्यांतल्याच काही मुली दहावीनंतर दिसेनाशा होतात. कारण विचारले की कॉलेज लांब आहे असे सांगितले जाते. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात आरटीसीच्या साध्या बसमध्ये मुलींना तिकीट नाही, म्हणजे भाड्याचे कारण उरले नाही. दुसरे कारण खरे आहे: इथवर मराठीतून शिकलेली मुलगी इंटरमीजिएटला एकदम तेलुगू किंवा इंग्रजीत जाऊन पडते आणि दोन महिन्यांत धीर सोडते. यासाठी दहावीच्या परीक्षेनंतर सहा आठवड्यांचा भाषावर्ग आपल्याच इमारतीत घ्यावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवत आहोत. गौरव दिनाचा मंडप आणि फ्लेक्स यांवरचा खर्च यंदा कमी केला तर एका शिक्षकाचे मानधन निघेल. तिसरे कारण लग्नाचे. त्यावर भाषावर्ग चालत नाही, पालकांशीच बोलावे लागेल, आणि आम्ही घरोघर येणार आहोत.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी काम: आपल्या घरातल्या आजी, आई आणि मोठी बहीण किंवा आत्या, अशा तिघींना विचारून लिहावे की त्या कितवीपर्यंत शिकल्या, कोणत्या साली शाळा सुटली आणि ती कोणाच्या सांगण्यावरून सुटली. नाव लिहू नये, नाते लिहावे. शाळा सुटू नये म्हणून घरात कोणी भांडले असेल तर तेही लिहावे. वह्या ३ जानेवारीपूर्वी वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.