केस आणि हृदयविकार

शरीरावर वा मनावर ताण पडला, की अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास रक्तदाब चढतो व हृदयावरील भार वाढतो. परंतु रक्तातील त्याचे प्रमाण पहाटे अधिक, रात्री कमी. सुईच्या भीतीनेही ते वाढते. मग जुनाट ताण मोजावा कसा?

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रानहत्तींना स्पर्शही न करता, शेणावरून त्यांचा ताण मोजला; कृश हत्तींत तो अधिक आढळला. शेण अलीकडच्या दिवसांचीच हकीकत सांगते. केस मात्र महिन्यांची. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो व वाढताना कॉर्टिसॉल साठवितो. म्हणजे टाळूलगतचे ३ सेंटिमीटर ही गेल्या तीन महिन्यांची नोंदच होय.

इस्राएलमध्ये ११२ पुरुषांचे केस तपासण्यात आले. त्यांपैकी निम्म्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. त्यांच्या केसांत कॉर्टिसॉल अधिक आढळले. कलप व वारंवार धुणे यांनी ही नोंद पुसट होते. म्हणून केस हा वैद्याचा साहाय्यक होय, पर्याय नव्हे.