राष्ट्रसंघाचा पाठ आणि टिळकांचं पत्र



दोन महायुद्धांमधल्या शांततेच्या प्रयत्नांचा पाठ मुलांना रटाळ वाटतो. जिनिव्हा, लोकार्नो, केलॉग-ब्रियाँ... नावं पाठ होतात आणि परीक्षा झाली की विसरली जातात. त्यात आपलं कुणी दिसतच नाही ना! म्हणून हा पाठ आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) गावापासून सुरू करून बघा. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. भारतातून तेव्हा दहा लाखांहून जास्त माणसं देशाबाहेर लढाईवर गेली होती.

आता मुलांना विचारा, एवढी माणसं ज्यांनी दिली, त्यांच्या वतीने शांततेच्या बैठकीत बोललं कोण?

पॅरिसची शांतता परिषद जानेवारी १९१९ मध्ये सुरू झाली. भारतातर्फे बसले भारतमंत्री माँटेग्यू, लॉर्ड सिन्हा आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने मात्र लोकमान्य टिळक, गांधीजी आणि हसन इमाम यांची नावं दिली होती. टिळक चिरोल खटल्यासाठी लंडनमध्येच होते. पॅरिस तिथून जवळ, पण त्यांना जाऊ दिलं नाही. तेव्हा मार्च १९१९ मध्ये त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा मुलांना सहज कळतो: भारताला कुणाचा मुलूख नको आहे; त्याला स्वयंनिर्णय मिळाला, तर आशियात शांतता राखायला राष्ट्रसंघाला एक भक्कम आधार मिळेल. मागणी मान्य झाली नाही.

१० जानेवारी १९२० ला राष्ट्रसंघ सुरू झाला आणि गंमत म्हणजे पारतंत्र्यातला भारत त्याचा संस्थापक सभासद होता! मुलं इथं अडतात. त्यांना फलटणचंच उदाहरण द्या. तेव्हा फलटण हे नाईक निंबाळकरांचं संस्थान. राजे आपले, कारभार आपला, पण बाहेरच्या जगाशी संबंध इंग्रजांच्या हातात. भारताचंही जिनिव्हात तसंच, खुर्ची होती पण धोरण लंडनचं.

राष्ट्रसंघाने काहीच केलं नाही, असं मात्र शिकवू नका. ऑक्टोबर १९२५ मध्ये सीमेवरच्या चकमकीनंतर ग्रीसचं सैन्य बल्गेरियात घुसलं. राष्ट्रसंघाने थांबायला सांगितलं, ग्रीसने सैन्य मागे घेतलं आणि नुकसानभरपाईही दिली. लहान देश ऐकायचे हो, अडचण मोठ्यांची होती. जपानने १९३१ मध्ये मांचुरिया घेतला. चौकशी समितीचे प्रमुख लॉर्ड लिटन म्हणजे बंगालचे माजी गव्हर्नर. अहवाल विरोधात गेला, तर १९३३ मध्ये जपाननेच बाहेर पडण्याची नोटीस दिली. १९३५ मध्ये इटलीने ॲबिसिनियावर हल्ला केला, तेव्हा व्यापारबंदी झाली, पण तेल वगळून. रणगाडे कशावर चालतात, हे पाचवीचं पोरही सांगेल. राष्ट्रसंघाकडे स्वतःचं सैन्य नव्हतं, अमेरिका सभासदच झाली नाही, आणि महत्त्वाच्या निर्णयाला एकमत लागायचं. १९२८ च्या केलॉग-ब्रियाँ करारात युद्धाचा त्याग होता, शिक्षा नव्हती. त्यावरही भारताच्या नावाची सही आहे.

एक मराठी माणूस सहसा सुटतो: ना. म. जोशी. मूळचे शिक्षक, पुढे भारत सेवक समाजात गेलेले. सामाजिक न्यायाशिवाय शांतता टिकत नाही, या विचाराने व्हर्सायच्या तहातूनच आंतरराष्ट्रीय कामगार संघटना जन्मली. तिच्या १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी जोशी होते. राष्ट्रसंघ १९४६ मध्ये विसर्जित झाला, ही संघटना आजही चालू आहे.

वर्गात वेळ उरला तर मुलांना क्लेमान्सोंच्या जागी बसवून टिळकांच्या पत्राला दहा ओळींचं उत्तर लिहायला सांगा. पालकांनी घरी नकाशावर अपशिंगे, पॅरिस आणि जिनिव्हा शोधून घ्यावं.