किशोरवय, पडद्यावरील खेळ आणि एकाकीपण

यशवंतपूर हा बेंगळुरूच्या वायव्येकडील गजबजलेला भाग आहे. येथील रेल्वेस्थानकातून देशाच्या दूरदूरच्या प्रांतांकडे गाड्या सुटतात, बाजारसमितीच्या आवारात कांदा-बटाट्याची पोती उतरतात, आणि जवळच पीन्या येथील औद्योगिक वसाहत आहे. नोकरीनिमित्त येथे आलेल्या एका मराठी कुटुंबाची आपण कल्पना करू. वडील कारखान्यात पर्यवेक्षक आहेत, आईही नोकरी करते, मुलगा नववीत आहे. साताऱ्याहून येऊन त्यांना दीड वर्ष झाले आहे. वर्गात शिकवणे इंग्रजीत चालते, पण मधल्या सुट्टीतील थट्टामस्करी कन्नडमध्ये होते आणि ती या मुलाला कळत नाही. तो चार वाजता घरी येतो व आईवडील सातनंतर येतात. मधल्या तीन तासांत त्याच्याशी बोलणारे घरात कोणीही नसते.

मोबाइलवरील खेळात मात्र त्याला तीन साथीदार मिळतात. त्यांपैकी कोणालाही त्याने प्रत्यक्ष पाहिलेले नाही. तरीही तो नेमबाजीत तरबेज आहे हे ते जाणतात आणि त्याची वाट पाहतात. वर्षभरात खेळ रात्री दोन-अडीचपर्यंत लांबतो. परीक्षेतील गुण घसरतात, जेवण पडद्यासमोर होऊ लागते आणि पाहुणे आले की खोलीचे दार बंद होते. ‘मोबाइलमुळे मुलगा माणसांतून उठला,’ असे आईवडील म्हणतात. या वाक्यातील कार्यकारणभाव पुष्कळदा उलटा असतो, किंवा निदान अर्धाच खरा असतो; तो तपासून पाहणे हा या प्रकरणाचा विषय आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. अशा मुलाला आपण सहज ‘व्यसनी’ म्हणतो. संस्कृतात ‘व्यसन’ याचा एक अर्थ संकट असा आहे, आणि धर्मशास्त्रकारांनी राजाच्या व्यसनांत मृगयेबरोबर द्यूतही गणले आहे. तेव्हा खेळ हाताबाहेर जाऊ शकतो ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र ‘विकार’ हा शब्द पसंत केला. २०१९ मध्ये स्वीकृत झालेल्या व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘गेमिंग विकार’ समाविष्ट आहे. त्याची तीन लक्षणे सांगितली आहेत: खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर आवडी व दैनंदिन कामे मागे पडून खेळालाच अग्रस्थान मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणे अथवा वाढणे. ही स्थिती सामान्यतः बारा महिने टिकलेली असावी आणि तिच्यामुळे शिक्षण, कुटुंब वा सामाजिक जीवन गंभीरपणे बिघडलेले असावे, अशीही अट आहे. या व्याख्येत तासांचा आकडा कोठेही नाही. ‘किती तास चालतील?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. परंतु दोन तास खेळूनही एखादा मुलगा बिघडू शकतो आणि सुट्टीत पाच तास खेळणारा दुसरा निरोगी असू शकतो. सर्व अभ्यासकांना हा विकार स्वतंत्र मानणे मान्य नाही, आणि खेळणाऱ्या बहुसंख्य मुलांना तो जडत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

हा खेळ इतके धरून का ठेवतो? मुलांत प्रिय असलेल्या एका प्रकारात शंभर खेळाडू छत्रीच्या साहाय्याने एका बेटावर उतरतात. सुरक्षित वर्तुळ आकसत जाते आणि साधारण अर्ध्या तासात एकच तुकडी उरते. तुकडी बहुधा चौघांची असते व चौघे एकमेकांशी बोलत खेळतात. असा डाव मध्येच थांबवून ठेवण्याची सोय नसते. आई जेवायला हाक मारते, मुलगा ‘पाच मिनिटं!’ असे ओरडतो, आणि वीस मिनिटांनंतरही तो उठत नाही. आईला हा उद्धटपणा वाटतो. मुलाच्या दृष्टीने त्या क्षणी उठणे म्हणजे तिघा सवंगड्यांना वाऱ्यावर सोडणे होय. ज्याला दिवसभरात दुसरे सवंगडी नाहीत, त्याला ते अधिकच जड जाते. घरातील निम्मी भांडणे या एका गैरसमजातून उद्भवतात, असे मला वाटते.

याखेरीज रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटते. हंगाम संपला की मिळवलेला दर्जा खाली येतो व चढण पुन्हा सुरू होते. कोणत्या पेटीतून काय निघेल हे अनिश्चित असते. बक्षीस अनिश्चित अंतराने मिळाले तर वर्तन अधिक चिवट होते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर व फर्स्टर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, मुख्यतः कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले होते. १९९८ मध्ये लंडनमधील संशोधकांनी आठ पुरुषांना रणगाड्याचा एक खेळ खेळावयास दिला, तेव्हा त्यांच्या मेंदूत डोपामिन हे द्रव्य स्रवत असल्याचे आढळले. यावरून ‘खेळ म्हणजे अफू’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण रुचकर अन्नानेही हे द्रव्य स्रवते. रायन, रिग्बी व प्रिबिल्स्की यांचे २००६ मधील विवेचन मला अधिक उपयुक्त वाटते: स्वतः निर्णय घेण्याची मोकळीक, आपल्याला काही जमते ही प्रचीती आणि कोणाशी तरी नाते, या तीन गरजा खेळ भागवतो. आपल्या मुलाला शाळेत यांपैकी काय मिळत होते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सिंगापूरमध्ये सुमारे तीन हजार शाळकरी मुलांचा दोन वर्षे पाठपुरावा करणारा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. इतरांशी जुळवून घेण्याचे कौशल्य ज्यांच्यात कमी होते व जी मुले उतावळी होती, ती या विकाराकडे अधिक झुकली. एकदा विकार जडल्यावर मात्र खिन्नता, चिंता, लोकांत मिसळण्याचे भय आणि अभ्यासातील घसरण वाढली. म्हणजे एकटेपण अगोदर येते, खेळ ते भरून काढतो, आणि पुढे तोच ते वाढवतो. २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाइलवर भरू लागले व सवंगडी दृष्टीआड झाले, तेव्हा कितीतरी घरांत हे चक्र फिरू लागले.

केवळ बंदीने हे चक्र तुटत नाही. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले. तो कायदा २०२२ च्या प्रारंभी रद्द झाला. भारताने सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी घातली. तिचे कारण सुरक्षाविषयक होते, आणि वर्षभराच्या आत जवळपास तसाच खेळ दुसऱ्या नावाने आला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ बंद केले. आपल्या मुलाचा खेळ त्यात मोडत नाही.

याच शहरातील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजे निम्हान्सने, २०१४ मध्ये देशातील अशा प्रकारचे पहिले चिकित्सालय सुरू केले. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली तर ‘शट’, म्हणजे ‘बंद करा’, असा शब्द होतो. पूर्ण नावाचा अर्थ मात्र ‘तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी सेवा’ असा आहे. अनुवाद करताना हा विरोध मला अर्थपूर्ण वाटला: पालक पहिल्या शब्दाच्या आशेने येतात, चिकित्सकाला दुसरा साधावयाचा असतो.

अशा चिकित्सेत प्रथम झोप, भूक, शाळा व मित्र यांविषयी विचारणा होते. खिन्नता किंवा एकाग्रतेचा दोष मुळाशी आहे काय हेही पाहिले जाते. मोबाइल हिसकावून घेण्याने बहुधा आदळआपटच होते, म्हणून वेळ क्रमाने कमी केली जाते. घड्याळापेक्षा डावावर ठरलेली मर्यादा मुलाला पाळणे सोपे जाते: ‘आठ वाजता ऊठ’ याऐवजी ‘आठनंतर नवा डाव नाही’. रिकाम्या झालेल्या वेळेत काय येणार हेही ठरवावे लागते. आपल्या मुलाच्या बाबतीत त्याचे उत्तर कदाचित कन्नडची शिकवणी आणि सायंकाळचे क्रिकेट हे असेल. वडिलांनी आठवड्यातून एकदा शेजारी बसून त्याचा एक डाव समजून घेणे, हेही असू शकेल. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. परीक्षेनंतर किंवा भांडणानंतर मुलगा पुन्हा रात्र जागवतो, म्हणून सारे फुकट गेले असे नव्हे.

पुष्कळदा मुलगा चिकित्सालयात येण्यास तयार नसतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या केंद्र सरकारच्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठी व कन्नड यांसह अनेक भारतीय भाषांत चालतो. तेथे प्रथम पालकांनी एकट्याने बोललेले चालते.