कोरफडीचा गर आणि जखमेची निगा
(सामान्य विज्ञान व आरोग्य : इयत्ता ५ वी ते ७ वी)

पाठाचा हेतू : खेळताना गुडघा खरचटणे, विळ्याने बोट कापणे, चुलीपाशी हात पोळणे हे प्रसंग ग्रामीण मुलांच्या जीवनात नित्याचे आहेत. अशा वेळी जखमेवर माती, चुना किंवा हाताशी येईल तो पाला लावला जातो. वनस्पतीचा उपयोग कोठवर होतो आणि धोका कोठे सुरू होतो, हा विवेक मुलांच्या ठायी उत्पन्न करणे हा या पाठाचा हेतू होय.

पूर्वतयारी : कोरफडीचे व घायपाताचे एकेक पान वर्गात आणावे. मुलांना ही दोन्ही सारखीच वाटतात. परंतु घायपाताच्या पानात दोरासाठी उपयोगी पडणारे तंतू असतात व त्याचा रस अंगास लागल्यास खाज आणि जळजळ होते. ते पान शिक्षकांनीच हाताळावे.

विषयविवेचन : कोरफडीचे पान कापून उभे धरावे. सालीलगतचा पिवळा, कडू चीक खाली ठिबकेल. हाच वाळला म्हणजे काळा बोळ होतो. हा चीक त्वचेस झोंबतो. साल सोलल्यावर आत स्वच्छ, बुळबुळीत गर दिसतो. त्याच्या १०० भागांत सुमारे ९८ ते ९९ भाग पाणीच असते. थोडा गर ताटलीत उन्हात वाळवावा. मागे पातळ पापुद्रा तेवढा उरतो. हे पाणी धरून ठेवणारे पदार्थ मुख्यतः शर्करेच्या लांब साखळ्यांचे बनलेले असतात.

ओलाव्याचे महत्त्व काय? इंग्लंडमध्ये जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या उथळ जखमांवर प्रयोग केले. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांपेक्षा लवकर आली. कोरड्या खपलीखालून नव्या पेशींना वाट काढीत जावे लागते. ओलसर पृष्ठभागावर त्या सहज सरकतात. ओलावा राखणारा लेप उपयोगी का ठरू शकतो, हे यावरून कळते.

मात्र या गुणास मर्यादा आहेत. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेच्या उघड्या जखमा नेहमीच्या उपचाराने सरासरी ५३ दिवसांत, तर कोरफडीचा लेप लावल्यावर ८३ दिवसांत भरल्या. शिवाय अंगणातील पानावर धूळ व जंतू असतात. औषधी लेप तयार करताना चीक काढून, गर शुद्ध करून तो जंतुविरहित ठेवावा लागतो. ही प्रक्रिया शाळेत होऊ शकत नाही. म्हणून उघड्या जखमेवर ताजा गर लावू नये.

मुलांनी ध्यानी ठेवावयाचे नियम :
१. प्रथम हात साबणाने धुवावेत. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापड दाबून धरावे.
२. रक्त थांबल्यावर जखम स्वच्छ पाण्याने धुवावी व स्वच्छ पट्टीने झाकावी.
३. पोळल्यास २० मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे. बर्फ किंवा दंतमंजन लावू नये.
४. खोल, मातीने भरलेली किंवा गंजक्या खिळ्याची जखम असल्यास मुलास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे. तेथे धनुर्वाताच्या लसीचा निर्णय होतो. १० व्या व १६ व्या वर्षी द्यावयाची लस मुलांना मिळाली आहे की नाही, हेही शिक्षकांनी पाहावे.

घरचे उपाय सांगणाऱ्या आजीचा वर्गात उपहास होऊ देऊ नये. ‘आधी पाणी, मग पट्टी, गरज पडल्यास डॉक्टर’ हा क्रम मुलांनीच घरी समजावून सांगावा.

अभ्यासासाठी प्रश्न :
१. कोरफड व घायपात यांतील भेद सांगा.
२. जखमेवर माती का लावू नये?
३. गर वाळल्यावर पापुद्राच का उरतो?

उपक्रम : मुलांनी आपापल्या घरी जखमेवर काय लावतात याची यादी करावी व प्रत्येक उपायापुढे तो योग्य की अपायकारक, हे कारणासह लिहावे.