तेल आधी नाकापाशी

ओमेगा-3 ची बाटली घरी आणलीस की पहिली गोळी गिळू नकोस, कापून बघ. सुरीने टोक उडव, आतलं तेल बशीत पिळ आणि वास घे. ताज्या मासळीचा हलका वास आला तर ठीक. जुन्या रंगाच्या डब्यासारखा, घशात बसणारा उग्र वास आला तर बाटली परत कर, कितीही महागाची असो. लिंबाचा किंवा संत्र्याचा स्वाद घातलेली गोळी असेल तर दोनदा वास घे, कारण त्या स्वादाखाली खवटपणा सहज झाकला जातो. माझ्या आजीने रोह्याच्या घरात मला खोबऱ्याच्या वाटीवर आणि तिळावर हे शिकवलं. माशाच्या तेलाला ते दसपट लागू पडतं.

शाळेत रसायन शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून कारणही सांगते. तेलाच्या रेणूत कर्बाची लांब साखळी असते आणि त्या साखळीत काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. ऑलिव्ह तेलात आणि शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असणाऱ्या ऑलिक आम्लात असा एकच बंध. जवसातल्या ओमेगा-3 मध्ये तीन, माशातल्या ओमेगा-3 पैकी ईपीएत पाच, डीएचएत सहा. बंध वाढले की तेल थंडीतही पातळ राहतं, म्हणून ते थंड पाण्यातल्या जिवांना सोसतं आणि आपल्या मेंदूच्या, डोळ्यांच्या पेशींच्या आवरणालाही हवं असतं. पण दोन बंधांच्या मधला हायड्रोजन फार सैल असतो. हवेतला ऑक्सिजन तिथेच हात घालतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो आणि तो पुढच्याला. ही बिघाडाची साखळी मध्येच तुटली नाही तर सगळं तेल खवट होतं.

हाच गुण माणसाने कामालाही लावला. आपल्या किनाऱ्यावर कोळी लाकडी होड्यांना माशाचं तेल माखत. ते हवा खाऊन आळतं, त्याची साय धरते आणि लाकडात पाणी मुरत नाही. रंगारी वापरतात ते उकळलेलं जवसाचं तेल याच कारणाने वाळतं. त्या तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकते, इतका त्या तेलाला ऑक्सिजनचा ओढा. म्हणून पेणच्या बाजारात उन्हातल्या काचेच्या कपाटात मांडलेली बाटली मी कधी घेत नाही. आतली, सावलीतली, नव्या तारखेची मागून घे. गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर त्या उष्णतेत पडून होत्या असं समज. एकदा फोडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेव, आणि वर्षभर पुरेल म्हणून मोठी घेऊ नकोस.

बाटलीवरचं बारीक अक्षरही वाच. पुढे ठळक लिहिलेलं असतं 1000 मिलिग्रॅम. ते झालं माशाच्या तेलाचं वजन. मागच्या बाजूला ईपीए 180 आणि डीएचए 120 असं सापडेल, म्हणजे कामाचं जेमतेम 300. बहुतेक साध्या गोळ्यांचं प्रमाण हेच. त्यात टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व, घातलेलं असतं. ते तेल टिकावं म्हणून असतं, तुझ्या पोटात जाऊन काही नवल करावं म्हणून नाही.

आता तू विचारलंस त्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचं सांगते. आपण श्वास घेतो तोच ऑक्सिजन पेशींच्या भट्टीत जळतो, आणि जळताना थोडे धडपडे, अपुरे रेणू निघतात. त्यांना मुक्त मूलकं म्हणतात. ते नुसते वाईटच असतात असं मानू नकोस. जंतू मारायला पांढऱ्या पेशी तेच वापरतात, आणि व्यायामाने स्नायू घडतात तेही काही अंशी त्यांच्याच इशाऱ्याने. त्रास तेव्हा, जेव्हा ते आवरण्याच्या शक्तीपेक्षा जास्त होतात. मग पेशींच्या आवरणातली तीच नाजूक तेलं आतल्या आत खवट होऊ लागतात. शरीराने यासाठी राखणदार ठेवले आहेत. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन ही त्यांची नावं. ई जीवनसत्त्व आवरणात उभं राहून साखळी तोडतं आणि क जीवनसत्त्व त्याला पुन्हा ताजं करतं.

त्यावर कोणी म्हणेल, मग ही जीवनसत्त्वंच भरपूर गिळू. असं करू नकोस. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर याची मोठी चाचणी झाली आणि 1994 साली तिचा निकाल आला. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही, उलट वाढला. 2009 साली जर्मन संशोधकांनी दाखवलं की क आणि ई ची मोठी मात्रा घेणाऱ्यांना व्यायामाचा इन्सुलिनसाठी होणारा फायदाच मिळाला नाही. पेशीतला समतोल वरून गोळ्या ओतून साधत नाही. तुझ्या दादाला काही सांगायचं असेल तर आधी विडी सोड म्हणून सांग. गावाकडच्या बायकांना मशेरी सोडायला सांग. कुठल्याही गोळीआधी हे करायला हवं.

ओमेगा-3 च्या गोळीचंही तसंच. 2018 मध्ये अमेरिकेतल्या 25,871 निरोगी माणसांच्या चाचणीचा निकाल आला. रोज एक ग्रॅम माशाचं तेल आणि पाच वर्षांच्या आसपास पाठपुरावा. हृदयविकार, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे एकत्र धरले तर ठळक फरक पडला नाही. ज्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं असतं त्यांना डॉक्टर रोज दोन ते चार ग्रॅम देतात, ते औषध म्हणून, तपासणी ठेवून. मोठ्या मात्रेने हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो असंही चाचण्यांत दिसलं आहे. म्हणून चार गोळ्या एकदम घेऊ, बरं वाटेल, असं कोणी करू नये.

घरातल्या माशाला मात्र मी पूर्ण मान देते. तारली आणि बांगडा हे आपले तेलकट मासे. रोह्याला रेवदंड्याकडून येणारी टोपली उघडली की तारलीच्या चांदीवरूनच तिचा ताजेपणा कळतो. डोळा फुगीर आणि चमकदार, कल्ले लाल, पोट दाबून घट्ट. बोंबील चवीला राजा, पण तो पाणचट मासा, त्यात तेल थोडं. खारेपाटातल्या वाशी-वढावकडचा जिताडा मोठ्या मानाचा. त्याच्या तेलाचं मात्र तो काय खातो त्यावर ठरतं. माशाला डीएचए समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळातून मिळतं. म्हणूनच माळकरी घरात शेवाळाच्या तेलाची गोळी चालते, तीत मासा नसतो. घेताना तिचं बाहेरचं आवरण जिलेटिनचं आहे का तेवढं बघायला हवं, कारण जिलेटिन प्राण्याचं असतं.

आठवड्यातून दोनदा तारली किंवा बांगडा पुरे. कोकम घालून कालवण कर, तळण क्वचित. तळताना माशातलं थोडं तेल कढईत उतरतं आणि कढईतलं माशात शिरतं. ते कढईतलं तेल पुन्हापुन्हा तापलेलं असेल तर चांगला मासा त्यात फुकट जातो. तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांवर गेली की ते टाकून द्यावं असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. घरात ते मोजता येत नाही. धूर लवकर निघायला लागला, तेल काळं आणि दाट झालं, फेस बसेना, एवढ्या खुणा पुरेशा आहेत. बांगडा घरी आणला की लगेच बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेव. उन्हात पडलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवून जात नाही, आणि खाल्ल्यावर चेहरा लाल होऊन अंगावर गांधी उठतात.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याची, बेगमी करताना सुका बांगडा निवडून घे. तेलकट मासा सुकताना हवा खातो. पोटाशी पिवळट, तांबूस डाग पडलेला नको. सुका जवळा त्या मानाने जास्त टिकतो. जवस खात असशील तर दाणे अख्खे ठेव आणि आठ दिवसांपुरतेच भाजून दळ. दळलेलं जवस उघड्या बरणीत फार लवकर खवट होतं. त्यातल्या ओमेगा-3 चा थोडाच भाग शरीरात ईपीएत बदलतो आणि डीएचएत आणखी कमी, तेव्हा जवस म्हणजे मासाच, असं मानू नये. पावसाळ्यात कुठे घोळीची भाजी मिळाली तर जुडी घे. पालेभाज्यांत तिच्यात ओमेगा-3 बरंच असतं आणि मुगाची डाळ घालून ती छान होते.

दादाचं शेवटी वेगळं सांगते. त्याला रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. तू आणलेली बाटली त्याच्या हाती देण्याआधी त्याच्या डॉक्टरांना दाखव, मात्रा विचार, आणि दात काढायचा असो की मोतीबिंदू, त्या डॉक्टरांनाही हे सांगून ठेव. ते नको म्हणाले तर बाटली ठेव बाजूला आणि त्याला आठवड्याला दोनदा तारलीचं कालवण कर. तेही जमेल तितकं पातळ कर, खारट नको, त्याचा रक्तदाब वर असतो.