पुडीतल्या गोळ्या आणि खुब्याचे हाड



मनमाडजवळच्या भिल्ल वस्तीतला एक भाऊ कांद्याच्या गोण्या उचलायचा. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षे तो पुडीतल्या बिननावाच्या गोळ्या घेत होता. गोळी घेतली की दुखणे थांबायचे, भूक लागायची. चेहरा भरून गोल झाला, तेव्हा घरचे म्हणाले, तब्येत सुधारली. मीही तेच म्हणालो. मग जांघेत कळ येऊ लागली, मांडी घालून बसता येईना. तपासणीत कळले, खुब्याच्या हाडाचा गोळा खचला आहे. पुडीतल्या गोळ्या स्टिरॉइडच्या निघाल्या.

स्टिरॉइड मुळात वाईट औषध नव्हे. दम्यात ते जीव वाचवते, कुष्ठरोगाच्या रिअ‍ॅक्शनमध्ये नसा वाचवते. पण दीर्घकाळ घेतल्यास नवे हाड कमी बनते, अन्नातले कॅल्शियम अंगी कमी लागते. हाडे ठिसूळ होतात, मणकाही दबू शकतो. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला, तर तेवढे हाड मरते. याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात.

कोविडच्या उपचारानंतर असे झालेले तीन रुग्ण २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आले. तिघेही चाळिशीच्या आतले आणि स्वतः डॉक्टर. लक्षण ओळखता आले म्हणून ते वेळेत पोहोचले. वस्तीवर हे लक्षण कोण ओळखणार? तिथे जाणारे आपणच. म्हणून एवढे लक्षात ठेवू या:

१. जांघ, मांडी किंवा गुडघा सतत दुखत असेल, कोणी लंगडत असेल, तर आधी विचारा, "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" पाकीट आणि चिठ्ठी जपून ठेवायला सांगा.

२. रोजच्या गोळ्या एकदम बंद करू देऊ नका. शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनणे मंदावलेले असते. अचानक थांबवल्यास जिवावर बेतते. डॉक्टरच मात्रा हळूहळू कमी करतील.

३. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो. एमआरआयमध्ये दोष लवकर दिसतो. दुखणे राहिले तर रुग्णाला पुन्हा दवाखान्यात न्या.

उत्पत्तीच्या ३२ व्या अध्यायात याकोबाच्या जांघेचा सांधा निखळला. तो लंगडत निघाला, पण आशीर्वाद घेऊन. आमच्या भावाच्या लंगडण्यात आशीर्वाद नव्हता, माझे अज्ञान होते. आज तो काठी टेकत चालतो. गोणी उचलणे संपले. त्याच्यासाठी प्रार्थना करा, आणि पुढच्या वस्तीभेटीत प्रार्थनेआधी गोळ्यांची चौकशी करा.