नाणेघाटातील पावले

मुरबाडहून टोकावड्याच्या रस्त्याने माळशेजकडे निघाले की वैशाखरे गावाच्या पुढे डोंगरात एक जुनी दगडी वाट चढते. हा नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे जात असे. घाटमाथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात, असे परंपरा सांगते. जवळच एक लेणे आहे. त्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख असून मागच्या भिंतीवर एके काळी त्या राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. राजा सिमुक सातवाहन, स्वतः नागनिका, तिचा पती श्रीसातकर्णी, त्यांचे कुमार, एक महारठी. आज त्या प्रतिमा उरलेल्या नाहीत. काही ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या दिसतात आणि वर कोरलेली नावे.

मागच्या पावसाळ्यात शहापूर येथील आमच्या रविवारच्या दीनी वर्गातील मुलांना घेऊन मी तेथे गेलो होतो. लेण्यात गर्दी होती, पण ती पावसाने आत लोटलेली गर्दी होती. कोणी कणसे खात होते, कोणी छायाचित्रे काढत होते, एकाने आपली ओली पिशवी थेट लेखाच्या भिंतीला टेकवली होती. आमच्यातील सातवीच्या एका मुलाने विचारले, "सर, हे पाय कोणाचे?" मी नावे वाचून दाखवली. त्याने क्षणभर विचार करून दुसरा प्रश्न केला, "ते आपले होते का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकात मिळते. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला घरी परतल्यावरही स्वस्थ बसू दिले नाही.

आपल्यातील काही जण चटकन म्हणतील, इस्लामपूर्व राजे, यज्ञयागांची वर्णने, आपला त्यांच्याशी काय संबंध? परंतु दिव्य कुरआनची रीत अशी नाही. सूरह रूमच्या नवव्या आयतीत पृथ्वीवर फिरून पूर्वी होऊन गेलेल्यांचे काय झाले ते पाहण्याविषयी सांगितले आहे आणि त्यांनी जमीन कसली, ती आबाद केली, हेही तेथे नोंदवले आहे. सूरह साफ्फातमध्ये मक्केच्या व्यापाऱ्यांना, तुम्ही सकाळ-संध्याकाळ त्या उद्ध्वस्त वस्त्यांवरून जाता आणि तरीही विचार करीत नाही, असा ठपका दिला आहे. तेथे प्रसंग हजरत लूत (अलै.) यांच्या कौमच्या नाशाचा आहे, सातवाहनांना तो लागू करावा असे मी म्हणत नाही. पण न पाहता जाणारा प्रवासी सगळीकडे सारखाच असतो.

जुलकरनैनची हकीकत याबाबतीत फार बोधप्रद आहे. तो नेमका कोण, या प्रश्नावर भाष्यकारांनी पुष्कळ लिहिले आहे. कुरआन मात्र त्याचे घराणे, त्याचा काळ, त्याची राजधानी यांपैकी काहीच सांगत नाही. सूरह कहफमध्ये आपल्याला त्याचे काम दिसते. याजूज-माजूजच्या उपद्रवाने गांजलेले लोक भिंत बांधण्यासाठी त्याला मोबदला देऊ करतात. तो म्हणतो, माझ्या पालनकर्त्याने मला दिले आहे ते पुरेसे आहे. तुम्ही अंगमेहनतीने मदत करा. मग लोखंडाचे तुकडे येतात, दोन डोंगरांमधली जागा भरून निघते, भाते फुंकले जातात, वितळलेले तांबे ओतले जाते. भिंत पुरी झाल्यावर तो तिचे श्रेय पालनकर्त्याच्या कृपेला देतो. एका शासकाची आठवण ठेवायची तर त्याची कोणती बाजू ठेवावी, हे याहून स्पष्ट कोठे सांगितलेले नाही.

आठवण ठेवण्यातही एक धोका आहे. सूरह नूहमध्ये वद्द, सुवाअ, यगूस, यऊक आणि नस्र अशी पाच नावे येतात. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे त्यावरील स्पष्टीकरण सहीह बुखारीत आहे. ही त्या कौममधील सज्जन माणसे होती; त्यांच्या निधनानंतर लोकांनी त्यांच्या बैठकीच्या जागी प्रतिमा उभारल्या. उभारणाऱ्यांनी त्यांची पूजा केली नाही. ती पिढी गेली, त्या माणसांविषयीचे ज्ञान लोपले आणि मग पूजा सुरू झाली. म्हणजे नावे अखेरपर्यंत सर्वांच्या तोंडी होती, माणसे मात्र केव्हाच विस्मरणात गेली होती.

आपल्या घरांत काय चालते? दर डिसेंबरला माहीमच्या मेळ्यासाठी आसनगावहून लोकल पकडणारी कुटुंबे मी पाहतो. मुंबई पोलिसांचा संदल सर्वांना ठाऊक असतो. पण हजरत मखदूम फकीह अली माहिमी (रह.) हे १३७२ ते १४३१ या काळात होऊन गेलेले कोकणातील थोर विद्वान होते, आपल्या या भूमीत बसून त्यांनी संपूर्ण कुरआनवर अरबी भाष्य लिहिले आणि ते 'तफसीरे रहमानी' या नावाने ओळखले जाते, हे त्या डब्यातील किती जणांना सांगता येईल? मलाही ते तिशी उलटल्यावर कळले, हे कबूल केले पाहिजे.

शहापूरच्या उशाशी माहुलीचा किल्ला आहे. १६३६ साली निजामशाहीचा शेवट याच गडावरील वेढ्याने झाला. बाल निजामाला घेऊन शहाजीराजे तेथे होते. ती निजामशाही त्याआधी पाव शतक ज्याने तगवून धरली, तो मलिक अंबर हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आला होता. त्याच्या लढाया थोड्याफार सांगितल्या जातात. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत आणि खडकी शहरात, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, त्याने खापरी नळांतून आणलेले पाणी यांच्याकडे कोणी फारसे वळत नाही. १६२६ मध्ये तो वारला. कबर खुलताबादला आहे.

हा दोष केवळ आपला नाही. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्या तारखेला दरवर्षी लोक गडावर जमतात, हे चांगलेच आहे. परंतु वीजवाहिन्यांचे मनोरे पाडण्याच्या कितीतरी आधी कोतवालांनी सावकारी पाशातील शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या, शाळा चालवल्या होत्या. हौतात्म्याला एक दिवस पुरतो. धान्यकोठीची आठवण ठेवायची तर ती चालवावी लागते, आणि तेथेच आपण सारे मागे सरतो.

आता त्या मुलाचा प्रश्न. सूरह बकराच्या १३४ व्या आयतीचा आशय असा, की तो समुदाय होऊन गेला. त्याने कमावले ते त्याचे, तुम्ही कमवाल ते तुमचे. ही आयत पूर्वजांच्या पुण्याईवर मिरवण्याची सोय ठेवत नाही. मग ते पूर्वज बगदादचे असोत की जुन्नरचे. सातवाहनांची श्रद्धा आपली नाही, हे मुलांपासून लपवण्याचे कारण नाही. नागनिकेच्या लेखात अश्वमेधाचे, राजसूयाचे वर्णन आहे आणि दानात दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण यांचा हिशेब आहे. हा हिशेब आकड्यांत कोरलेला आहे. आज आपण वापरतो त्या अंकांच्या जुन्यात जुन्या पूर्वरूपांत त्या आकड्यांची गणना होते. पुढे शून्याची आणि स्थानमूल्याची जोड मिळालेली ही भारतीय अंकपद्धती नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मीने अरबीत समजावून दिली आणि तेथून ती पश्चिमेकडे गेली.

हे सर्व मला तेव्हा लेण्यात सुचले नाही. पुढच्या रविवारी वर्गात सांगितले आणि फळ्यावर दोन आडव्या रेघा काढल्या. ब्राह्मीतला दोनचा आकडा. त्या मुलाने विचारले, "सर, आपण पुन्हा कधी जायचे? मी त्या दिवशी भिंत नीट पाहिलीच नाही."

पाऊस ओसरल्यावर जाऊ, असे ठरले आहे.